कान, बोट, कार्ड

बस तिसऱ्या वळणाला डावीकडे वळली तेव्हा त्याने झटकन मान वर केली, कारण अठरा नंबरची बस तिसऱ्या वळणाला डावीकडे वळत नाही. ही गोष्ट त्याच्याइतकी पक्की सगळ्या शहरात कुणालाच ठाऊक नसावी. अठरा नंबर कुठे वळते, कुठे दीड मिनिट थांबते, कालव्यावरच्या पुलाशी तिला किती उशीर होतो आणि तो उशीर ती पुढे कुठे भरून काढते, हे सगळं गेली सोळा वर्षं तो बस-कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर बसून कागदावर आखत आला होता. डावीकडे वळते ती तेरा. म्हणजे आपण तेरामध्ये बसलो आहोत. आपणच आखलेल्या तेरामध्ये, आपणच आखलेली अठरा समजून. तो उठला आणि दांड्याला धरत पुढे गेला. त्याला ओळखणाऱ्या चालकाने आरशातून बघत विचारलं, साहेब आज तपासणीला निघालात वाटतं, तर तो चटकन हो म्हणून गेला. म्हणजे सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, काही गरज नसताना, एक खोटं बोलून झालं. पुढच्या थांब्यावर तो उतरला आणि खांद्याला पिशवी लावून पदपथावर उभा राहिला. पिशवीत जेवणाचा डबा होता, आणि डब्याला टेकवून, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याच्या पाकिटात घातलेला, रविवारच्या सामन्याचा अहवाल. आज मंगळवार. अहवाल संध्याकाळी सहाच्या आत मंडळाच्या कार्यालयात पोचायला हवा होता.

निघून जाणाऱ्या बसच्या पाठीकडे तो बघत राहिला. आकडा दहा पावलांवर तेरा होता, वीस पावलांवरही तेराच होता, आणि पुढे कुठेतरी तो नुसता आकडा असल्याचा अंदाज झाला. अंदाज, हाच शब्द त्याच्या मनात आला आणि तिथेच बसून राहिला. कारण गेला सगळा हंगाम तो मैदानावर अंदाजच बघत आला होता. लांबच्या खेळाडूच्या पाठीवरचा आकडा त्याला कधीपासून वाचता येईनासा झाला ते नेमकं सांगता आलं नसतं, पण त्याचं काही अडलं नव्हतं. चौदा वर्षं फुटबॉलची पंचगिरी केल्यावर माणूस चालीवरून ओळखू येतो. डावा खांदा पाडून धावतो तो सात नंबर, धावताना मोजे वर ओढतो तो अकरा. चेंडू कुणाला लागला, कसा लागला, हेसुद्धा चेंडूपेक्षा माणसं जास्त सांगतात. ज्याच्या हाताला चेंडू लागतो तो आधी पंचाकडे बघतो. चोरून साखर खाल्लेलं पोर आईकडे बघतं तसं. या एका खुणेवर त्याने किती निर्णय दिले असतील, आणि किती बरोबर निघाले असतील. त्याला त्याचा थोडा अभिमानही होता. आत्ता मात्र थांब्याच्या खांबाला टेकून उभं राहिल्यावर तो अभिमान जरा ओशाळल्यासारखा झाला, आणि मागे वळून बघतो तर समोर चष्म्याचं दुकान. देवाला विनोदाची आवड आहे असं त्याचे मामा नेहमी म्हणायचे. दुकान नुकतंच उघडत होतं. आत शिरण्याआधी त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. पंचाने चष्म्याच्या दुकानात शिरताना कुणाच्या नजरेला पडू नये, एवढी अक्कल त्याला होती.

दुकानातली मुलगी त्याला काका म्हणाली. तो एक्केचाळीस वर्षांचा होता, पण तेही त्याने सोसलं. काय काम करता असं तिने विचारलं तेव्हा त्याने वेळापत्रकांचं सांगितलं, आणि दुसऱ्या कामाबद्दल गप्प राहिला. मग अंधाऱ्या खोलीतली खुर्ची, नाकावर लोखंडी चौकट, आणि समोर उजळलेल्या पाटीवरची अक्षरं, वरून खाली लहान होत गेलेली. पाचव्या ओळीपाशी तो अडखळला. तिने चौकटीत काच सरकवली आणि विचारलं, हे बरं की हे. पहिलं, तो म्हणाला. आता हे की हे. दुसरं. हे की हे. पहिलं. तिला हसू आलं. एवढ्या झटपट कुणी उत्तर देत नाही काका, ती म्हणाली, लोक दहादा विचारतात, पुन्हा दाखवा म्हणतात, आणि तुम्ही आपले खाड्‌कन निकाल देता. तो ओशाळून म्हणाला, सवय आहे. त्यावर ती काच पुसत, अगदी सहज, बोलून गेली.

"घाई नाही हो. चुकलं तरी चालतं, मी परत दाखवते."

अंधारात लोखंडी चौकट नाकावर घेऊन बसलेल्या त्या माणसाने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. चौदा वर्षांत असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. मैदानावर परत दाखवत नाहीत. घडतं ते एकदा घडतं, आणि अर्ध्या श्वासात शिट्टी फुंकायची असते, आणि फुंकल्यावर बावीस जणांपैकी निम्मे तरी आपल्यावर रागावणार हे ठरलेलं असतं. ते तो हसत सोसत आला होता. चष्मा लावा, हे तर त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की ते नाही ऐकलं तर सामना झाल्यासारखा वाटत नसे. गर्दीतून यायचं, बाकावरून यायचं, एकदा तर एका खेळाडूच्या आजीने पुढे होऊन स्वतःचा देऊ केला होता, आणि त्याने तो अदबीने परत करून सामना पुढे चालू केला होता. ती गोष्ट तो घरी चार वेळा रंगवून सांगायचा. मग परवाच्या रविवारी असं काय झालं?

रविवारी धुलाई कारखान्याच्या संघाचा सामना होता. सगळ्या मैदानांवर सगळ्यांत पांढरेशुभ्र सदरे त्यांचे. त्यांचा प्रशिक्षक एकोणीस वर्षं तोच, कारखान्यात दिवसभर यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. भोंग्याचा संघ पहिल्या गटात टिकतो की खाली जातो असे दिवस होते. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला त्यांनी एकदम उलट चढाई केली आणि तो मागे पडला. चांगला पस्तीस पावलं मागे. तिकडे गोलसमोर उंच आलेला चेंडू त्यांच्या नऊ नंबरच्या अंगाला लागून खाली पडला आणि जाळ्यात गेला. छातीला की हाताला? बाजूच्या सहाय्यकाचा झेंडा खालीच होता. आणि नऊ नंबरने मान वळवून पंचाकडे पाहिलं. झालं, त्याने शिट्टी फुंकली, हात म्हणून खूण केली, गोल रद्द. आणि मग बाकाकडून तो आवाज आला, दरवेळचाच, नेहमीचेच शब्द, आणि वर अहो-जाहो करून. ओ पंच, चष्मा लावा, चष्मा. तो धावत थेट बाकापाशी गेला आणि पोचायच्या आधीच त्याचा हात खिशात होता. लाल कार्ड. भोंगा तोंड उघडं ठेवून बघतच राहिला, आणि नंतर एक शब्द न बोलता, खांद्यावर टॉवेल टाकून, कठड्याबाहेर निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. सामना गोलशून्य सुटला. आणि आत्ता, खुर्चीवर बसून, त्याला त्या क्षणाची चव आठवली. कार्ड खिशातून निघताना फार गोड लागलं होतं. खूप तहान लागल्यावर प्यायलेल्या पाण्यासारखं.

दोन-तीन वर्षं तरी असेल हा नंबर, ती मुलगी कागदावर लिहीत म्हणाली, जवळचं उत्तम आहे, दूरचं कमी, उजव्याचं जास्त कमी. कळलं कसं नाही काका तुम्हाला? तो म्हणाला, कळलं होतं बहुतेक. हे त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. पण निघालं, आणि निघाल्यावर खोलीत जरा मोकळं वाटायला लागलं.

काचा तयार होत्या, चष्मा तासाभरात मिळणार होता. त्याने कार्यालयात फोन करून कळवलं की यायला उशीर होईल, चुकीच्या बसमध्ये बसलो. पलीकडच्या सहकाऱ्याला वाटलं की थट्टा चालली आहे, आणि हसू आवरल्यावर तो म्हणाला की ही गोष्ट मजल्यावर सगळ्यांना सांगायची परवानगी दे, मग दिवसभर आला नाहीस तरी चालेल. परवानगी देऊन तो दुकानातल्या बाकावर बसला, पुठ्ठ्याच्या पाकिटातून अहवाल काढला आणि वाचायला लागला. अक्षर सुरेख होतं, भाषा मंडळाला आवडते तशी. सदर प्रशिक्षकांनी सामन्याच्या अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटास पंचांस उद्देशून अपमानास्पद उद्गार काढले. ताकीद देऊनही वर्तनात सुधारणा न झाल्याने त्यांना मैदानाबाहेर पाठविण्यात आले. त्याने ते पुन्हा वाचलं. ताकीद देऊनही. कधी दिली ताकीद? कुठे? धावत गेलो आणि कार्ड काढलं. तोंड उघडलंच नव्हतं. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने हे शब्द लिहिले होते, बायको शेजारी बसून शिवणकाम करत होती, आणि लिहिताना त्याचा हात क्षणभरही थांबला नव्हता. कारण चौदा वर्षांतल्या प्रत्येक अहवालात ते शब्द होते. प्रत्येक वेळी ते खरे होते. खरेपणाचीही अशी सवय लागते की पुढे हात एकटाच लिहीत जातो आणि माणूस सोबत नसतो.

आणि त्या दोन शब्दांवरच सगळं होतं. हंगामातलं दुसरं लाल कार्ड, आणि तेही ताकीद देऊनही, म्हटल्यावर भोंग्याला मंडळाकडून तीन महिने तरी बंदी, आणि बंदी आलेल्या माणसाला कारखाना पुढच्या वर्षी संघ देणार नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. एकोणीस वर्षं. उलट हे शब्द खोडावेत, तर पंचाने ताकिदीची पायरी गाळली आणि वर खोटं लिहायला बसला होता हे मंडळाला कळणार. शनिवारचा विजेतेपदाचा सामना त्याला मिळाला होता, चौदा वर्षांत पहिल्यांदा. यादीतलं आपलं नाव त्याने घरी सगळ्यांना दाखवलं होतं, आणि बायकोने काळ्या सदऱ्याला दोनदा इस्त्री केली होती.

कान, बोट, कार्ड, हे मामांचं. मामा त्यांच्या काळातले नावाजलेले पंच, आणि आठवड्यातून एकदा सभागृहात उभं राहून देवाच्या गोष्टी गाऊन सांगायचे. शिट्टी आणि तान एकाच दमातून निघतात असं त्यांचं म्हणणं होतं, आणि दोन्ही ऐकलेल्या माणसाला ते पटायचं. त्यांनीच त्याला मैदानावर आणलं. पहिल्या दिवशी गवतावर बसवून बोटांवर मोजून सांगितलं होतं की भाचेबुवा, कुणी अंगावर आलं की आधी कान द्यायचा. माणूस काय म्हणतोय ते पुरं ऐकायचं, त्यातच निम्मा राग उतरतो. त्याचा आणि आपलाही. नाही भागलं तर बोट. एक बोट, छातीच्या उंचीवर, डोळ्यांसमोर नाचवायचं नाही. म्हणजे त्याला कळतं की आता रेघ इथे आहे. आणि कार्ड सगळ्यांत शेवटी, तेही जड हाताने. कार्ड हलकं लागायला लागलं की पंचाने घरी बसावं. तो हसला होता तेव्हा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता, कार्ड हलकं काय आणि जड काय. आत्ता चष्म्याच्या दुकानात त्याला ते वजन हातात जाणवलं.

आणि मग ती संध्याकाळ आठवली. सभागृह गच्च भरलेलं, मामा रंगात आलेले, पेटीवाला मान डोलावतोय. गोष्ट अशी होती की संकटात सापडलेला भक्त देवाला जाब विचारतो आणि देव उत्तर देतो. मामा भरात होते आणि त्यांनी देवाचं उत्तर आधी गाऊन टाकलं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, माना डोलतच होत्या. मामा थांबले. हात वर करून पेटी थांबवली. माझ्याकडून चूक झाली मंडळी, ते म्हणाले, प्रश्न विचारायच्या आधीच मी उत्तर दिलं. हे देवाला शोभतं, मला नाही. मागे घेतो. सगळं सभागृह हसलं, आणि मामांनी भक्ताचा प्रश्न गायला घेतला. तो प्रश्न त्याने आजवर अनेकांच्या तोंडून ऐकला होता, पण त्या संध्याकाळी जसा उतरला तसा पुन्हा कधी नाही. पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावून हसत होत्या. घरी येताना त्याने विचारलं होतं, मामा, कुणाला कळलंच नसतं की. मामा म्हणाले होते, मला कळलं ना, मग पुढचं गाणं कुणाच्या तोंडाने म्हणू.

मुलीने चष्मा आणून दिला. तो घालून त्याने दारातून बाहेर पाहिलं आणि रस्त्यापलीकडच्या झाडाला पानं होती. म्हणजे आधीही असणारच, पण हिरवा ढग म्हणून होती. आता एकेक होती, सुटी, हलणारी, आणि त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावर एक बाई गालिचा झटकत होती आणि धुळीचा कणसुद्धा दिसत होता. तो खुळ्यासारखा हसत उभा राहिला. एवढं सगळं रोज चाललेलं असतं. लांबून एक बस येत होती, आणि ती अठरा होती, स्वच्छ अठरा. तिच्यात न बसता तो परत बाकावर बसला, मुलीकडून कोरा कागद मागून घेतला आणि अहवाल नव्याने लिहिला. ताकीद दिलेली नव्हती. चेंडू हाताला लागल्याचे मी स्पष्ट पाहिले नव्हते, खेळाडूच्या बघण्यावरून अनुमान काढले. प्रशिक्षकांचे उद्गार अयोग्य होते, तथापि ताकीद पुरेशी ठरली असती. शेवटी जरा थांबून त्याने लिहिलं की आज दृष्टी तपासून घेतली असून दूरचा नंबर निघाला आहे. सही केली. हात सोबत होता, आणि तोही हातासोबत होता.

दुपारी मंडळाच्या कार्यवाहांनी त्याच्यासमोरच कागद वाचला. म्हातारा कोरडा माणूस, ओळीखाली बोट ठेवून वाचणारा. ताकीद दिली नव्हती तर आधी का लिहिली होती, असं त्यांनी विचारलं, कारण जुना अहवालही त्याने सोबत जोडला होता. तो म्हणाला, हाताने लिहिली. कार्यवाहांनी मान वर केली नाही. बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेऊन त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग ते म्हणाले की शनिवारी तुम्हाला ठेवता येणार नाही, समजतंय ना. तो म्हणाला, समजतंय. सकाळी नऊला मागच्या मैदानावर पन्नाशीपुढच्यांचा मैत्रीचा सामना आहे, तो घ्या. चष्म्याला दोरी बांधा, घाम आला की घसरतो. तो निघाला तर त्यांनी परत बोलावलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून सांगितलं.

"मी अकरा वर्षं लेन्स लावून पंचगिरी केली. आजपर्यंत कुणाला बोललो नाही. पहिले तुम्ही."

घरी बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि बाजूला झाली. शनिवारचं त्याने दारातच सांगून टाकलं, म्हणजे पोटात राहू नये. इस्त्री केलेल्या सदऱ्याकडे तिची नजर क्षणभर गेली. मग ती म्हणाली की म्हातारे खेळाडूसुद्धा माणसंच आहेत, त्यांच्यासमोरही चुरगळलेल्या सदऱ्याने जाऊ नये. आणि चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, म्हणजे अहो, लांबून मला इतकी वर्षं अंदाजानेच बघत होतात तर.

"आता बघून घ्या नीट. तक्रार असेल तर आत्ताच सांगा, परत दाखवणार नाही."

तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला.

शनिवारी सकाळी मागच्या मैदानावर दव होतं, आणि पन्नाशीपुढचे बावीस जण धावण्यापेक्षा बोलत जास्त होते. भोंगा दोरीला टेकून उभा होता. त्याच्या संघाचा शेवटचा सामना दुपारी होता, पण एका सामन्याची बंदी आली होती, बाकावर बसायचं नव्हतं, आणि घरात बसवत नव्हतं. एकच सामना. कारखान्याने संघ काढून घेतला नव्हता. अहवालाची प्रत संघाला जाते, म्हणजे त्याने तो वाचला असणार. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं. विसाव्या मिनिटाला चेंडू पलीकडच्या रेघेवरून घरंगळला, त्याने शिट्टी फुंकून बाहेर दिला, आणि दोरीपासून आवाज आला. चांगला खणखणीत. बाहेर नव्हता ओ पंच. खेळाडू थबकले, सगळ्या माना वळल्या. त्याचा हात आपोआप खिशात गेला, कार्डाची कड बोटाला लागली. जड लागली. ती तशीच ठेवून तो चालत गेला. धावत नाही, चालत. दोरीपाशी जाऊन उभा राहिला.

"बोला," तो म्हणाला.

भोंगा बोलला. चेंडूबद्दल बोलला, रेघेबद्दल बोलला, आणि बोलता बोलता आवाज उतरत गेला तसा मागच्या रविवारवर आला. नऊ नंबर तुमच्याकडे का बघत होता माहीत आहे का, तो म्हणाला, पहिल्या गटातला त्याचा पहिला गोल होता तो, तुम्ही खरंच दिलात की नाही हे बघत होता. छातीला लागला होता चेंडू. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, लागला असेल. मला दिसला नव्हता. भोंग्याने दोरीवर हात फिरवला. त्याचे मोठे, साबणाने पांढरे पडलेले हात. मग त्याने डोळे उचलले, पंचाच्या चष्म्यावर ठेवले, आणि त्याला राहवेना.

"आणि आजचा काचेतून बघितलात की वरून?"

त्याने उजवा हात उचलला आणि एक बोट छातीच्या उंचीवर धरलं. नाचवलं नाही. भोंगा त्या बोटाकडे बघत राहिला, मिशी थरथरली, आणि त्याने अगदी गंभीरपणे, कारखान्यात ऐकूही न येणाऱ्या हळू आवाजात विचारलं.

"हे आजचं का रविवारचं?"

"रविवारचं. राहून गेलं होतं."

भोंग्याने मान खाली घालून ते स्वीकारलं, जसं एखाद्याने हातात दिलेलं काही दोन्ही हातांनी घ्यावं. मग दोरी सोडून दोन पावलं मागे सरला. तो परत फिरला. पलीकडच्या टोकाला पाठमोऱ्या म्हाताऱ्या गोलरक्षकाच्या पाठीवरचा आकडा वाचता येत होता, त्याखालची सुटलेली शिवणही दिसत होती. त्याने पोटापासून श्वास घेतला, मामा तानेआधी घ्यायचे तसा, आणि शिट्टी फुंकली.